स्वस्त कॅमेरा आणि बसलेला हात

नातेवाइकांना माझ्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर (आणि हल्ली पेन ड्राइव्हवर) उतरवून, आणि दुसरी म्हणजे "स्वस्तातला चांगला व्हिडिओ कॅमेरा कुठला?" या प्रश्नाचं उत्तर. पहिलं काम मी मुकाट्याने करतो. दुसऱ्याचं उत्तर देताना मात्र इतका वेळ घेतो की विचारणारा कंटाळतो आणि दुकानदार पुढे करेल तो कॅमेरा घेऊन मोकळा होतो. :) आता भाच्याने हाच प्रश्न विचारलाय. तो कंटाळणाऱ्यातला नाही, शिवाय त्याला कॅमेरा हौसेसाठी नकोय, पोटासाठी हवाय. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

मूळ मुद्दा आधीच सांगून टाकतो. स्वस्त कॅमेऱ्याचं चित्र वाईट असतं असं माझं म्हणणं अजिबात नाही. उलट आज साध्या फोनमध्ये जे चित्र येतं ते आमच्या उमेदीच्या काळातल्या लाखोंच्या कॅमेऱ्यांतही येत नव्हतं. नवख्या माणसाला तर या कॅमेऱ्यांत काही कमी आहे असं वाटतच नाही, कारण कॅमेरा सगळं स्वतःच करतो. कमी वाटतं ते ज्याला काम येतं त्याला. एखाद्या सुगरणीला अशी शेगडी द्या की जिच्यावर आच कमी-जास्त करायची कळच नाही, फक्त 'भात', 'वरण', 'भाजी' अशी तीन बटणं आहेत. नवशिक्या पोराचा भात त्यावर छान होईल. पण त्या बाईचे हात बांधले जातील. स्वस्त व्हिडिओ कॅमेरा हातात आला की माझं नेमकं हेच होतं.

हे समजायला खांद्यावरचा कॅमेरा कसा असायचा ते थोडं सांगायला हवं. मी पहिल्यांदा कॅमेरा उचलला तो १९९४ साली. लग्नाच्या धंद्यात तेव्हा पॅनासोनिकच्या एम मालिकेतले व्हीएचएस कॅमेरे होते. पुढे भाड्याने का होईना, बीटाकॅम हाताळायला मिळाला. लेन्स आणि बॅटरीसकट साडेसहा-सात किलोचं ते धूड. पण ते वजनच तुमच्या बाजूने असायचं. कॅमेरा खांद्यावर टेकलेला, गाल त्याला चिकटलेला, डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये, उजवा हात पट्ट्यात आणि डावा हात लेन्सवर. चार ठिकाणी अंगाला लागलेली जड वस्तू सहजासहजी हलत नाही. श्वास घेतला तरी चित्र ढिम्म असायचं.

आणि लेन्सवर तीन रिंगा. पुढची फोकसची, मधली झूमची, मागची आयरिसची म्हणजे उजेड आत घेणाऱ्या पडद्याची. फोकसची रिंग दोन्ही टोकांना अडायची आणि तिच्यावर अंतरं कोरलेली असायची. त्यामुळे महिना-दोन महिन्यांत हाताला कळायला लागायचं की एवढं फिरवलं म्हणजे सहा फूट, एवढं फिरवलं म्हणजे पंधरा. झूम पूर्ण आत नेऊन डोळ्यातल्या चमकेवर फोकस लावायचा आणि मग बाहेर यायचं, की कितीही मागे आलात तरी फोकस जागेवर राहायचा. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला खाली तीन कळा, गेनची, रंगपट्ट्यांची आणि व्हाइट बॅलन्सची. न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून सगळं करता यायचं. तबलजी हाताकडे बघत नाही ना, तसं.

मग २०००च्या आसपास टेप छोटी झाली आणि कॅमेरेही. त्या वर्षी आलेला सोनीचा पीडी-१५० आणि २००३चा पीडी-१७० हे आमच्या पिढीचे लाडके कॅमेरे. तीन सीसीडी, जेमतेम दीड-पावणेदोन किलो वजन, आणि अंधारात असं बघायचे की पुजाऱ्याने लावलेल्या समईच्या उजेडातही गाभारा दिसावा. त्यात रिंग होती, एनडी फिल्टर होता, जाड पिनेच्या व्यावसायिक माइकची सोय होती. पण तेही लाख-दीड लाखांच्या घरातले. त्याहून खालचे, सामान्य माणसाला परवडणारे जे हॅंडीकॅम आले, त्यांच्यात मात्र एकेक गोष्ट काढून टाकलेली होती. कुठली कुठली, ते मोजूनच सांगतो.

पहिलं वजन. अर्धा किलोचा कॅमेरा हातात धरला की नाडीचे ठोकेसुद्धा चित्रात दिसतात. मग त्यावर उपाय म्हणून स्टॅबिलायझर. तो उभ्या उभ्या शॉट घेताना छान काम करतो. पण तुम्ही मुद्दाम, सावकाश पॅन करायला लागलात की तो बिचारा समजतो की हात हलतोय, आणि आधी चित्र धरून ठेवतो, मग एकदम सोडतो. पॅन संपवताना पुन्हा तेच, चित्र थोडं पुढे जाऊन मागे येतं. ज्याने आयुष्यभर पॅनची सुरुवात आणि शेवट मऊ करायचा सराव केला, त्याचा सगळा सराव त्या एका हिसक्यात जातो.

दुसरं, फोकस. रिंग असलीच तर ती नावाची. नुसती गोल गोल फिरत राहते, कुठे अडत नाही, कारण तिचा काचेशी संबंधच नसतो. ती फक्त आतल्या मोटरला निरोप देते. हळू फिरवली तर एक अंतर, भर्रकन फिरवली तर दुसरंच. मग हाताला काय लक्षात राहणार? बऱ्याच कॅमेऱ्यांत तर रिंगही नाही. मेनू उघडा, 'फोकस' निवडा, पडद्यावरच्या अधिक-उण्याच्या चौकोनावर बोट टेकवा. बोट टेकवलं की कॅमेरा हलतो, ते वेगळंच.

तिसरं, उजेड. ऑटो आयरिस सगळ्या चित्राची सरासरी काढतो. काळ्या पडद्यासमोर गोरा उजळ चेहरा असला की त्याला वाटतं फार अंधार आहे, तो पडदा उघडतो आणि चेहरा पांढराफेक. भर उन्हात याच्या उलट अडचण. स्वस्त कॅमेऱ्यात एनडी फिल्टर नसतो, म्हणजे त्याच्या डोळ्याला गॉगल नसतो. मग जादा उजेड आवरायला तो शटर वाढवत नेतो, पन्नासाव्या भागावरून थेट हजाराव्या भागावर. आपल्या ढोल-ताशा पथकाचं चित्रण बघा. टिपरू वर जाताना आणि खाली येताना जो एक सलग झोत दिसायला हवा तो दिसत नाही. टिपरू इथे आहे, मग तिथे आहे, असं तुटक दिसतं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण मजा गेलेली असते.

चौथं, रुंदी. खोक्यावर 'आठशे पट झूम' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. त्यातला बहुतेक डिजिटल, म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं केलेलं. आम्हाला लांबचं नको होतं हो, जवळचं हवं होतं! या कॅमेऱ्यांची सर्वात रुंद नजर फोटोच्या भाषेत चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरची. दहा बाय बाराच्या खोलीत हळदीचा कार्यक्रम, पंधरा बायका, आणि कॅमेरावाला गोदरेजच्या कपाटाला पाठ लावून उभा. तरी नवरी आणि तिची आई एका चौकटीत बसत नाहीत.

पाचवं, आपल्याकडचा उजेड. अमेरिकेतल्या काकांनी येताना आणलेला हॅंडीकॅम हा एका काळी अनेक घरांतला मानाचा दागिना होता. आपल्या घरातली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याकडचा पाल कॅमेरा सेकंदाला पन्नास वेळा बघतो, म्हणजे प्रत्येक बघण्यात बरोबर दोन लुकलुका, हिशेब जुळला. अमेरिकेतला साठ वेळा बघतो. हिशेब जुळत नाही आणि सगळं चित्र थरथरत राहतं. शटर शंभराव्या भागावर नेलं की हे थांबतं. ते ज्याला माहीत असतं त्याला शटरची कळ सापडत नाही, कारण ती ठेवलेलीच नसते.

आणि लग्नात भर पडते ती फोटोग्राफरच्या फ्लॅशची. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यात फ्लॅश पडला की क्षणभर पूर्ण चित्र पांढरं व्हायचं, ते डोळ्याला चालून जायचं. सीमॉस चिप आली तशी ती चित्र वरून खाली ओळीओळीने वाचायला लागली. फ्लॅश तर हजाराव्या भागात येऊन जातो, म्हणजे अर्ध्या ओळींवर उजेड आणि अर्ध्यांवर नाही. वरमाला पडते त्या क्षणी नवरीचं कपाळ पांढरं आणि हनुवटी काळोखात. यावर तर अनुभवी माणसाकडेही काही उपाय नाही.

सर्वात शेवटी सांगतो ते सर्वात महत्त्वाचं, आवाज. स्वस्त कॅमेरा आवाजाची पातळी स्वतःच ठरवतो. शांतता झाली की त्याला वाटतं काहीतरी ऐकू येत नाहीये, म्हणून तो आवाज वाढवतो, आणि पंख्याची घरघर समुद्रासारखी वर येते. 'सावधान' झालं, बॅंड सुरू झाला, की घाबरून सगळंच दाबून टाकतो. ती पातळी हाताने बांधून ठेवायची सोय नसते, आणि हेडफोन लावायचं भोकही बऱ्याचदा नसतं, त्यामुळे आत काय चाललंय ते घरी गेल्यावरच कळतं.

आता हे सगळं तांत्रिक कुरकुर वाटेल. 'बाबा रे, घरच्या घरी बघायला एवढं पुरे' असंही कुणी म्हणेल. म्हणून २००८ सालची एक गोष्ट सांगतो.

कुडाळजवळच्या एका गावात देवळाची जत्रा होती आणि रात्री दशावतार. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री हा खेळ होतो, पहाटेपर्यंत चालतो. पाठीमागे एक पडदा, मध्ये एक बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. तेच बाकडं सिंहासन, तेच पलंग, तेच डोंगर. आणि मुख्य म्हणजे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद नटाने तिथल्या तिथे रचायचे. म्हणजे आज रात्री तो जे बोलेल ते पुन्हा कधीच तसंच्या तसं बोलणार नाही. आमच्या ओळखीतले एक वयस्क कलाकार स्त्रीपार्टी होते, तारामतीच्या विलापासाठी ती सगळी पंचक्रोशी त्यांना ओळखायची. त्यांची तब्येत ढासळत चालली होती. त्यांचा खेळ नोंदवून ठेवायला हवा असं आम्हा चार-पाच जणांना वाटलं. पैसे कुणीच देणार नव्हतं आणि त्या आठवड्यात लग्नाच्या तिथी असल्यामुळे भाड्याचा मोठा कॅमेरा मिळण्यासारखा नव्हता. मित्राचा एक छोटा टेपवरचा कॅमेरा मिळाला. नाव सांगत नाही, त्या किमतीतले सगळेच तसे होते.

सुरुवातीला संकासुर आला. तो संपूर्ण काळ्या वेषात, तोंडावर काळा बुरखा, फक्त लाल जीभ बाहेर. कॅमेऱ्याला वाटलं रात्र झाली, आणि बाकी सगळ्यांचे चेहरे धुऊन निघाले. तिथे निदान मेनूत जाऊन उजेड एका ठिकाणी बांधून ठेवता आला. फोकसचं मात्र तसं नव्हतं. नट पडद्याजवळून बाकड्यापर्यंत आणि तिथून अगदी पुढे यायचे. पडद्यावरच्या अधिक-उण्यावर बोट ठेवून त्यांच्याबरोबर चालणं अशक्य होतं, म्हणून ऑटो ठेवणं हाच त्यातल्या त्यात बरा पर्याय होता. आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास, विलाप ऐन भरात असताना, जनरेटरने मान टाकायला सुरुवात केली. हॅलोजन मंद झाले. अंधुक उजेडात ऑटोफोकसला काही ठरवता येईना. तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. समोर ते मांडीवर रोहिदासाला घेतल्यासारखे बसलेले, आवाज फुटलेला, मंडपात चिडीचूप. आणि माझ्या पडद्यावर एक पांढुरका गोळा मोठा होतोय, लहान होतोय. कुठे किती फूट अंतर आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. अकरा फूट. खरी रिंग असती तर डोळे मिटून लावला असता.

ते साधारण वीस सेकंद होतं. पण मी म्हटलं तसं, आवाजाचं दुखणं मोठं. विलापात ते आवाज अगदी खाली न्यायचे, कुजबुजीइतका, आणि मग एकदम टाहो फोडायचे. सगळी किमया त्या चढउतारात. कॅमेऱ्याने कुजबूज वर उचलली, तिच्यासोबत जनरेटरची धडधड उचलली, आणि टाहो दाबून टाकला. म्हणजे दोन्ही एकाच पट्टीत.

२०१० साली ते गेले. त्यांच्या मुलाने ती टेप मागितली, मी डीव्हीडी करून घेऊन गेलो. त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही ती पाहिली. फोकसकडे त्याचं लक्षही गेलं नाही. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "चेहरो गावलो, बरां झालां. पण आमच्या बाबांचो आवाज असो दबलेलो नव्हतो हो." मी काय बोलणार? त्यांचा दुसरा आवाज कुठेच नाही, जो आहे तो हा.

म्हणून 'घरच्या घरी बघायला एवढं पुरे' हे मला पटत नाही. मोठे कॅमेरे मोठ्या लोकांच्या कार्यक्रमांना जातात. गावातल्या नटाकडे, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आजीकडे, शेवटची मोट बघितलेल्या म्हाताऱ्याकडे जातो तो स्वस्तच कॅमेरा. जिथे पुन्हा संधी नाही नेमकं तिथे हे ऐकून न घेणारं यंत्र जातं, मग ते चालवणारा कितीही जाणता असो.

मग कंपन्या असं का करतात? काही गोष्टींना खरंच पैसे लागतात, हे मान्य. यांत्रिक रिंग, मोठी चिप, झूम केल्यावर फोकस न सोडणारी लेन्स, जाड पिनेचे माइक, यांना धातू, काच आणि मेहनत लागते. पण उजेड बांधून ठेवणं, शटर ठरवणं, आवाजाची पातळी हाताने लावणं, कुठे चित्र करपतंय ते दाखवणारे झेब्राचे पट्टे... यांना काय लागतं? चार ओळींचा प्रोग्रॅम. यंत्र तेच असतं, फक्त खालच्या मॉडेलमध्ये ते दार बंद ठेवलेलं असतं, नाहीतर वरचं मॉडेल कोण घेणार?

याचा पुरावा कॅननच्या फाइव्ह-डी मार्क-टू या कॅमेऱ्याच्या इतिहासात मिळतो. २००८ साली तो आला तेव्हा मोठ्या चिपमुळे त्याच्या चित्राने सगळे वेडे झाले. पण व्हिडिओत उजेड पूर्णपणे ऑटो, आणि सेकंदाला तीसच चित्रं. म्हणजे पाल देशांत ट्यूबलाइटची पुन्हा तीच रड. छायाचित्रणवाल्यांनी जगभरातून आरडाओरडा केला. जून २००९ मध्ये कंपनीने नवं फर्मवेअर दिलं आणि त्याच कॅमेऱ्यात हाताने उजेड लावता यायला लागला. मार्च २०१०च्या फर्मवेअरने चोवीस आणि पंचवीस चित्रांची सोय आली, आवाजाची पातळीही हातात आली. दरम्यान २००९ मध्येच एका हौशी प्रोग्रामरने 'मॅजिक लॅंटर्न' नावाची फुकट प्रणाली लिहून त्याच कॅमेऱ्यात झेब्रा, आवाजाचे मीटर वगैरे आणून दाखवले होते. एक स्क्रूही बदलावा लागला नाही. म्हणजे कॅमेऱ्याला हे सगळं येत होतं!

इथे कुणीतरी चित्रपटांची उदाहरणं देणार, हे मला माहीत आहे. ती खरीही आहेत. थॉमस विंटरबर्गचा 'फेस्टेन' (१९९८) तळहाताएवढ्या हॅंडीकॅमवर झाला. आन्येस वार्दा या फ्रेंच दिग्दर्शिकेने २००० साली शेतात उरलेलं धान्य-भाजी वेचणाऱ्यांवर केलेल्या माहितीपटात छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने स्वतःच्याच म्हाताऱ्या हाताचं चित्रण केलं. अब्बास कियारोस्तामीने 'टेन' (२००२) मोटारीत बसवलेल्या दोन छोट्या कॅमेऱ्यांवर केला, 'टॅंजरीन' (२०१५) तर फोनवर. मला हे चित्रपट आवडतात. पण या सगळ्यांनी काय केलं बघा. कॅमेऱ्याला जे जमतं त्याला साजेशी गोष्ट आणि साजेशी रीत निवडली. कियारोस्तामीने फोकस हलवायची वेळच येऊ दिली नाही, माणसं गाडीच्या सीटवर बसलेली. दिग्दर्शकाला हे स्वातंत्र्य असतं. आमच्यासारख्या कामकरी कॅमेरावाल्याला नसतं. भटजी आमच्यासाठी मुहूर्त थांबवत नाहीत, नट आमच्यासाठी अकरा फुटांवर खिळून बसत नाही, आणि लाइट गेले तर विलाप पुन्हा होत नाही.

आता आजचं. टेप गेली. सोनीने बीटाकॅमच्या कॅसेटची विक्री २०१६ साली बंद केली, तेव्हा दोन दिवस सुतकात असल्यासारखा होतो. :) आज परवडणारा म्हणजे फोन, नाहीतर साठ-सत्तर हजारांचा मिररलेस कॅमेरा. यांचा ऑटोफोकस बघून मी थक्क होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. डोळा ओळखतो आणि सोडत नाही. २००८च्या त्या रात्री हा असता तर मंद हॅलोजनमध्येही बहुधा निभावलं असतं. पण बाकीची यादी पुन्हा वाचून बघा. फोनच्या लेन्सला आयरिसच नसल्यासारखा, त्यामुळे उन्हात शटर पुन्हा हजारावर आणि टिपरू पुन्हा तुटक. मिररलेसला बहुतेक वेळा फोटोच्या लेन्स, म्हणजे झूम केलं की फोकस सुटतो. रिंग तीच, नुसती निरोप देणारी. एनडी वरून स्क्रूने लावायचा. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये हेडफोनचं भोक आजही नाही. आणि मे महिन्यात मांडवात फोर-के लावून ठेवला की तासाभरात 'तापलो' म्हणून बंद. एक गोष्ट मात्र चांगली झाली. ब्लॅकमॅजिक कंपनीने २०२३ मध्ये आयफोनसाठी आणि २०२४ मध्ये अॅंड्रॉइडसाठी एक कॅमेरा अॅप फुकट दिलं. त्यात शटर, फोकस, आवाजाचे मीटर सगळं हातात येतं. चार ओळींच्या प्रोग्रॅमबद्दल मी वर म्हटलं ते उगाच नव्हे.

भाच्याकडे साठवलेले सत्तर हजार आहेत, आणि कर्ज काढून एक मोठा, खांद्यावर घ्यायचा कॅमेरा घ्यायचं त्याच्या मनात आहे. त्याचं म्हणणं, "मामा, यजमान कॅमेऱ्याचा आकार बघून पैसे ठरवतात." खरं आहे ते, मी तीस वर्षं अनुभवतोय. पण आमच्या धंद्यात असेही खांद्यावरचे कॅमेरे येऊन गेलेत की ज्यांच्या मोठ्या प्लास्टिकच्या आत हॅंडीकॅमचीच चिप आणि हॅंडीकॅमचीच लेन्स बसवलेली होती. आकाराचे पैसे द्यायचे आणि कळा मात्र मेनूतच. तेवढ्यासाठी व्याज भरू नकोस, एवढं मी त्याला बजावलंय.

बाकी मी त्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोग होईल. दुकानात गेलास की खोक्यावरचे आकडे वाचू नकोस. कॅमेरा हातात घे, डोळे मीट, आणि बघ : फोकस, उजेड आणि आवाज, या तीन गोष्टी न बघता बदलता येतात का? शटर पन्नासाव्या भागावर बांधून ठेवता येतं का? आवाजाची पातळी हाताने लागते का, आणि लावल्यावर ती ऐकता येते का? रुंद किती दिसतं? यांतलं निम्मं जरी जमलं तरी चित्र एक पायरी कमी असलेलं चालेल. नवा हौशी कॅमेरा आणि जुना व्यावसायिक कॅमेरा एकाच किमतीत मिळत असेल तर जुना घे, फक्त रिंगा आणि जोडण्या नीट तपासून. आणि सत्तरातले दहा-बारा हजार बाजूला काढून वेगळा साउंड रेकॉर्डर आणि एक बरा माइक आधी घे, कॅमेरा नंतर. हे ऐकून तो जरा खट्टू झाला. नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या पोराला माइक घे म्हणून सांगणं म्हणजे नवऱ्या मुलाला आधी टोपी घे म्हणण्यासारखंच. :)

या मार्गशीर्षात आम्ही दोघं तिकडच्या एका जत्रेला जाणार आहोत. तो फोन आणि ते फुकट अॅप घेऊन, मी मित्राचा पंधरा वर्षं जुना तीन रिंगांचा कॅमेरा घेऊन. पायपेटीशेजारी रेकॉर्डर ठेवायचा, पातळी आधीच टाहोला लावायची आणि कुजबूज नंतर घरी उचलून घ्यायची, एवढं मात्र नक्की ठरलंय. पैसे याही वेळी कुणी देणार नाही.

असो, फारच लांबलं. तुमच्यापैकी कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज साध्या कॅमेऱ्यावर नीट पकडला असेल, तर कसा ते जरूर लिहा. भाचा वाचणार आहे.